संत्र्याच्या फोटोतून नारिंगी रंगच का सुटतो: पायथनने फोटोतले रंग काढण्याची रीत

वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या संत्राबागेचा फोटो कुठल्याही तयार लायब्ररीला (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या संचाला) द्या आणि पाच रंग मागा. बहुतेक वेळा हाती येतात तीन-चार हिरवे, एक मातीचा आणि एखादा आभाळाचा फिकट निळा. फोटोत झाड फळांनी वाकलेलं असतं, यादीत मात्र नारिंगी नसतो. लायब्ररी बिघडलेली नाही. तिने पिक्सेल मोजले, आणि पिक्सेलांच्या हिशेबात फळं फोटोच्या चार-पाच टक्क्यांपुढे क्वचितच जातात. माणसाची नजर आधी फळावरच पडते. मशीनची मोजणी आणि नजरेची निवड यांतलं अंतर भरून काढणं, हेच पॅलेट, म्हणजे कामाच्या निवडक रंगांची यादी, काढण्याचं खरं काम आहे. कोड पंधरा-वीस ओळींचा असतो. मेहनत त्याच्या आधी फोटोवर आणि नंतर मिळालेल्या यादीवर करावी लागते.

बचत गटाच्या तिखट-हळदीच्या पाकिटाचं लेबल, शेतकरी उत्पादक कंपनीचा बोर्ड, कोशाच्या (टसर रेशमाच्या) साडीच्या काठाची रंगजुळणी, झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर, अशा कामांसाठी ही रीत लिहिली आहे. लायब्ररीची आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायची.

संगणकाची तयारी

४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा हवी, आणि सुरुवातीला एकच लायब्ररी: पिलो. ती काही एमबीची आहे आणि निम्म्याहून जास्त कामं तिच्यातच होतात. पुढे के-मीन्स (जवळच्या रंगांचे गट पाडणारी पद्धत) वापरायचं ठरलं तर सायकिट-लर्न आणि सायकिट-इमेज लागतात. त्यांच्यासोबत नमपाय आणि सायपाय आपोआप येतात आणि डाउनलोड बरंच मोठं होतं.

गावात नेट धड चालत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी चांगलं नेट असलेल्या संगणकावर 'पिप डाउनलोड' ही आज्ञा चालवा; पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी उतरवून बसवणारं साधन. लायब्ररी आणि तिला लागणाऱ्या बाकीच्या सगळ्या फाइली एका फोल्डरात जमा होतात. फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. घरच्या लॅपटॉपवर 'पिप इन्स्टॉल'ला 'नो-इंडेक्स' हा पर्याय द्या आणि 'फाइंड-लिंक्स'मध्ये त्या फोल्डरचा पत्ता लिहा. एक अट आहे: दोन्ही संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथनची आवृत्ती सारखी हवी. ३.११ साठी उतरवलेली नमपायची फाइल ३.९ वर बसत नाही, आणि ३२ बिट-६४ बिटचा फरकही चालत नाही. पेनड्राइव्ह घेऊन परत यायचं नसेल तर निघण्याआधी दोन्हीकडे आवृत्ती पाहून घ्या.

फोटो

विदर्भातल्या भर दुपारच्या उन्हात काढलेला फोटो या कामाला निरुपयोगी. कापसाचं बोंड पांढरंफट्ट जळतं, सावल्या काळ्या पडतात, आणि या दोन टोकांमधले रंग धुतल्यासारखे होतात. सकाळी लवकर, किंवा दिवसा मोकळ्या सावलीत, म्हणजे मांडवाखाली वा भिंतीच्या आडोशाला फोटो घ्या. फोनमधले फिल्टर आणि रंग खुलवणारी सोय बंद ठेवा, नाहीतर फोनने कल्पिलेले रंग पॅलेटमध्ये येतील.

वस्तूशेजारी चौकटीच्या कोपऱ्यात एक राखाडी कार्ड ठेवा. ते नसेल तर साधा पांढरा कागद चालतो. मात्र छपाईच्या पांढऱ्याशुभ्र कागदात चकाकी आणणारी द्रव्यं असतात आणि दिवसाच्या उजेडात तो किंचित निळा दिसतो, म्हणून तसा कागद टाळा. या कार्डावरून पुढे रंगछटेची दुरुस्ती होते. समजा, कागदाच्या भागाची सरासरी लाल २४०, हिरवा २३२, निळा २०५ अशी आली. उजेड पिवळसर होता. हिरवा आधार धरून पूर्ण फोटोतला लाल ०.९६७ ने आणि निळा १.१३ ने गुणा. कागद समतोल होतो आणि बाकीचे रंगही जागेवर येतात. ही दुरुस्ती अंदाजाची आहे, पण लेबलाच्या कामाला पुरते. कागदाच्या कुठल्याही आकड्याने २५५ गाठलं असेल तर फोटो जास्त उजेडात गेलाय. त्यावरून दुरुस्ती करू नका, फोटोच पुन्हा घ्या.

झाडीपट्टीच्या रंगमंचाचा फोटो याला अपवाद. तिथे लाल-निळा उजेड हाच प्रसंगाचा रंग आहे. तो दुरुस्त केला की पोस्टरला हवं ते वातावरणच पुसलं जातं.

फोटो व्हॉट्सॲपवरून मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो पुन्हा दाबला जातो. जेपेगच्या दाबणीत उजेडाचा तपशील टिकतो, पण रंगाचा तपशील सहसा निम्म्या बारकाईने साठवला जातो. त्यामुळे लाल मिरची आणि हिरवं देठ जिथे भिडतात तिथे दोन्हीत नसलेला मातकट पट्टा तयार होतो, आणि तो पॅलेटमध्ये जागा अडवतो.

पिलोने पहिली यादी

१. फाइल उघडा आणि लगेच 'एक्झिफ ट्रान्सपोज' चालवा. फोन उभा धरून काढलेला फोटो साठवताना आडवाच असतो, फक्त 'फिरवून दाखवा' अशी खूण सोबत असते. ही पायरी गाळली तर रंग बदलत नाहीत, पण क्रॉपचे आकडे भलत्याच जागी पडतात.

२. फोटो आरजीबीत, म्हणजे लाल-हिरवा-निळा अशा तीन आकड्यांत, बदला. पारदर्शक पीएनजी असेल तर आधी पांढऱ्या कॅनव्हासवर चिकटवा. पारदर्शक भागाखाली बहुधा काळा रंग दडलेला असतो आणि तो यादीत पहिला येतो. फ्लेक्सच्या दुकानातून आलेला जेपेग अनेकदा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबातला, असतो. त्याला सरळ 'कन्व्हर्ट' केलं तर रंगप्रोफाइल विचारात घेतलं जात नाही आणि रंग भडक येतात. अशा फाइलीला पिलोतलं 'इमेज-सीएमएस' वापरा.

३. क्रॉप करा. पुढच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा हीच पायरी जास्त काम करते. आभाळ कापा, धुऱ्यावरचं गवत कापा, काळी माती हवी असेल तेवढीच ठेवा. आपल्याकडच्या वावराच्या फोटोत काळी माती सहज एक तृतीयांश जागा घेते आणि तिच्या ओल्या, सुक्या, सावलीतल्या छटा पॅलेटच्या तीन जागा खातात.

४. आकार लहान करा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. ४०० गुणिले ३०० केलं तर १ लाख २० हजार उरतात, आणि पॅलेटला तेवढे भरपूर झाले. कसे लहान करता याला महत्त्व आहे. 'थंबनेल' शेजारचे पिक्सेल मिसळून सरासरी काढतं. मिरचीचा लाल (२००, ४०, ३०) आणि पानाचा हिरवा (६०, ११०, ४०) यांची सरासरी (१३०, ७५, ३५) येते. हा तपकिरी रंग आहे आणि रोपावर तो कुठेच नाही. वस्तू बारीक असतील, म्हणजे मिरच्या, फुलं, विणीतले धागे, तर 'रिझाइझ'ला 'निअरेस्ट' पद्धत द्या; ती पिक्सेल उचलते, मिसळत नाही. सलग पृष्ठभागाला, हळदीच्या ढिगाला किंवा भिंतीला, 'थंबनेल'च बरं, कारण कॅमेऱ्याची कणकण त्यात निघून जाते.

५. फोटोतले रंग मोजक्या संख्येवर आणणारं 'क्वांटाइझ' चालवा आणि पाच नव्हे, २४ रंग मागा. पाचच मागितले तर निवड मशीन करते. २४ मागितले तर तुम्ही.

६. 'गेटकलर्स'ने प्रत्येक रंगाची मोजणी आणि त्याचा क्रमांक घ्या, 'गेटपॅलेट'मधून त्या क्रमांकाचे तीन आकडे उचला. गेटपॅलेट सगळे आकडे एका ओळीत देतं, म्हणून ५ क्रमांकाचा रंग १५, १६ आणि १७ या जागांवर असतो. ती यादी सरळ वाचत सुटू नका. शेवटी न वापरलेल्या जागांची शून्यं असू शकतात आणि ती काळा रंग म्हणून मोजली जातात.

गेटकलर्स मूळ फोटोवरच चालवलं तर 'नन' (काहीच नाही) मिळतं, यादी नाही. २५६ पेक्षा जास्त रंग असले की ते हात वर करतं, आणि कुठल्याही फोटोत हजारो रंग असतात. आधी क्वांटाइझ, मग गेटकलर्स.

क्वांटाइझची नेहमीची पद्धत 'मीडियन कट' आहे. पॉल हेकबर्ट यांनी १९८० च्या सुमारास ती मांडली आणि १९८२ च्या सिग्राफ परिषदेत तिचा लेख आला. त्या काळी पडद्याला एका वेळी २५६ रंगच दाखवता येत, म्हणून फोटो कमी रंगांत चांगला दिसावा हा तिचा हेतू. सगळे पिक्सेल एका त्रिमितीय खोक्यात टाकायचे, खोकं सगळ्यांत लांब बाजूला मध्यकावर कापायचं, दोन्ही बाजूंना पिक्सेल सारखे पडतात, मग पुन्हा कापायचं. म्हणजे जिथे गर्दी तिथे काप जास्त. संत्राबागेत गर्दी हिरव्याची, म्हणून हिरव्याचेच तुकडे होत राहतात. पिलोत 'मॅक्सकव्हरेज' ही दुसरी पद्धत आहे. ती रंगांचा पसारा जास्त झाकायला पाहते आणि थोड्या जागेतला रंग तिच्यात टिकण्याची शक्यता बरी असते. दोन्ही चालवून याद्या शेजारी ठेवा.

कलर थीफ आणि कापूस

घाई असेल तर 'कलर थीफ' ही लायब्ररी सोपी. फाइल द्या, 'गेट पॅलेट' म्हणा, काम झालं. पण तिच्या आत काही निर्णय आधीच घेतलेले आहेत आणि ते माहीत नसले तर फसगत होते.

लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे २५० च्या वर असलेला पिक्सेल ती पांढरी पार्श्वभूमी समजून टाकून देते. पांढऱ्या टेबलावरच्या वस्तूंच्या फोटोला हे योग्य. यवतमाळच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, फोटोला नाही. उन्हात फुटलेलं बोंड नेमकं २५० च्या वर जातं आणि कापसाच्या फोटोच्या पॅलेटमध्ये कापूसच राहत नाही. फोटोभर कापसाचा ढीगच असेल तर एकही पिक्सेल उरत नाही आणि प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. उपाय: कापसासाठी पिलो वापरा, किंवा कलर थीफला देण्याआधी फोटोचा उजेड ०.९५ ने गुणा. २५५ चे २४२ होतात, पिक्सेल वाचतात. मिळालेल्या यादीतले आकडे नंतर ०.९५ ने भागून घ्या.

दुसरं म्हणजे 'क्वालिटी' नावाचा आकडा. तो न सांगता १० असतो, म्हणजे दर दहावा पिक्सेल पाहिला जातो. आकडा वाढवला की दर्जा वाढेल असं वाटतं, होतं उलट. सगळे पिक्सेल हवे तर १ द्या, पण आधी फोटो लहान करून घ्या, नाहीतर जुन्या लॅपटॉपवर बराच वेळ बसून राहावं लागेल.

तिसरं, ती प्रत्येक वाहिनीचे (लाल, हिरवा, निळा यांपैकी एकेकाचे) २५६ टप्पे ३२ वर आणते. आठ-आठ आकड्यांची छटा एका कप्प्यात पडते आणि उत्तर कप्प्यांच्या सरासरीतून येतं. त्यामुळे मिळालेला रंग फोटोत जसाच्या तसा सापडेलच असं नाही. कोशाच्या नैसर्गिक तपकिरी-सोनेरी छटांमध्ये हा फरक जाणवतो. लेबलाच्या पार्श्वभूमीला तो कळतही नाही. मागितलेल्या संख्येपेक्षा एखादा रंग कमी-जास्त मिळाला तर घाबरू नका, ते तिचं नेहमीचं आहे.

नारिंगी परत आणणं: लॅब आणि के-मीन्स

आरजीबीतलं अंतर डोळ्याला जाणवणाऱ्या अंतराशी जुळत नाही. हिरव्याच्या दोन छटांत आकड्यांचा मोठा फरक असूनही त्या सारख्या दिसतात; गडद तपकिरी आणि गडद जांभळ्यात आकडे जवळ असूनही रंग वेगळे दिसतात. म्हणून गट पाडण्याआधी पिक्सेल 'लॅब' मोजपट्टीवर न्यावेत. ही सीआयईची १९७६ ची पद्धत आहे: एल म्हणजे उजेड, ए म्हणजे हिरव्याकडून लालकडे, बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. सायकिट-इमेजमधलं 'आरजीबी-टू-लॅब' हे काम करतं.

मग सायकिट-लर्नमधलं 'के-मीन्स'. गट ८ ते १२, 'एन-इनिट' (किती वेळा नव्याने सुरुवात करून पाहायचं) १०, आणि 'रँडम स्टेट'ला एखादा ठरलेला आकडा. हा आकडा दिला नाही तर सुरुवातीची केंद्रं दर वेळी वेगळी पडतात आणि सकाळी ग्राहकाला दाखवलेलं पॅलेट संध्याकाळी बदललेलं असतं. पूर्ण फोटो देऊ नका. १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकी तीन आकडे, आकड्याला ८ बाइट म्हणजे नुसती माहितीच २८८ एमबी, आणि गणनेला त्याच्या कैकपट जागा लागते. ४ जीबीचा लॅपटॉप तिथेच गुदमरतो. यादृच्छिक १० हजार पिक्सेल निवडा. पॅलेटमध्ये फरक दिसत नाही.

एवढं करूनही नारिंगी चार टक्केच आहे. इथे 'सॅम्पल वेट' कामी येतं: प्रत्येक पिक्सेलला त्याच्या रंगाच्या तेजाप्रमाणे वजन द्यायचं. ए आणि बी यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे रंगतेज. त्याचा वर्ग करा, ४०० ने भागा, १ मिळवा. पिकल्या संत्र्याचा (२३५, १३०, ३०) रंगतेज सुमारे ७४ येतो आणि वजन १४.६. गडद पानाचा (६०, ८०, ४०) रंगतेज सुमारे २६ आणि वजन २.७. फोटोत ४ टक्के संत्री आणि बाकी सगळी पानं असतील तर वजनाच्या हिशेबात संत्र्यांचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि आठ गटांत त्याला स्वतःची जागा मिळते.

४०० हा आकडा हाताने फिरवायचा आहे. २०० केला तर भडक रंग आणखी पुढे येतात, आणि मग बागेत लटकलेली एखादी निळी प्लास्टिकची पिशवीही पॅलेटमध्ये शिरते. म्हणून पिशव्या, दोऱ्या, ठिबकच्या नळ्या क्रॉप करतानाच टाळलेल्या बऱ्या. कोशाला आणि कापसाला हे वजन वापरू नका. तिथे रंगाचं सौंदर्य मंद छटांतच आहे आणि वजन नेमक्या त्याच दाबून टाकतं.

के-मीन्सचं केंद्र सरासरी असतं, त्यामुळे रंग थोडा मळतो. केंद्राला सगळ्यांत जवळचा खरा पिक्सेल शोधून तोच घ्या. भिवापुरी मिरचीचा लाल आणि वायगावच्या हळदीचा पिवळा लेबलावर ओळखीचा वाटायला हवा असेल तर ही पायरी गाळू नका.

ओपनसीव्ही या लायब्ररीने फोटो वाचणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. ती वाहिन्यांचा क्रम निळा-हिरवा-लाल असा देते. क्रम न पालटता पुढे गेलात तर (२३५, १३०, ३०) चं (३०, १३०, २३५) होतं आणि संत्री निळी निघतात. आणि विंडोजवर फोल्डरचं किंवा फाइलचं नाव देवनागरीत असेल तर तिचं 'इमरीड' अनेकदा काही न बोलता रिकामं परततं, चूक पुढच्या ओळीत दिसते. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, किंवा फोटो पिलोने उघडा.

यादी छाटणं

२४ किंवा १२ रंगांतून पाच-सहा निवडायचे. लॅबमध्ये दोन रंगांचं सरळ अंतर काढा. सुमारे २.३ पेक्षा कमी अंतर डोळ्याला जेमतेम जाणवतं. लेबलासाठी १० पेक्षा जवळचे रंग एकत्र करा आणि त्यांतला जास्त पिक्सेलांचा ठेवा. मग एक गडद, एक फिकट, एक-दोन मुख्य आणि एक उठावदार असे वेगळे काढा. हे शेवटचं मशीनवर सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे. ती हळद कुणाला विकायची, पाकीट दुकानात कुठल्या रंगांच्या शेजारी लागणार, हे कोडला ठाऊक नाही.

अक्षरं वाचता येतात का, हे मात्र आकड्यांनी तपासा. दोन्ही रंगांची सापेक्ष उजळता (काळा ० आणि पांढरा १ धरून रंग किती उजळ) काढा, प्रत्येकीत ०.०५ मिळवा, मोठीला लहानीने भागा. वेब मजकुराच्या नियमांप्रमाणे साध्या अक्षराला ४.५ आणि मोठ्या अक्षराला ३ हवं. छापील पाकिटालाही हीच मर्यादा धरलेली बरी. वरच्या नारिंगीवर पांढरी अक्षरं फक्त २.७ देतात, म्हणजे ठळक नावही कच्चं. त्याच नारिंगीवर गडद तपकिरी (६०, ३०, २०) ५.६ देतो. पाकिटावर वजन, किंमत आणि तारीख बारीक अक्षरांत येते, तिथे पांढऱ्याचा मोह टाळा.

छपाईला देण्याआधी

पडद्यावरचा रंग उजेडाचा, छापलेला शाईचा. भडक नारिंगी आणि मोरपंखी हिरवा सीएमवायके शाईत पूर्ण उतरत नाही. तो थोडा मातकट होतोच. फ्लेक्सचा, कागदी लेबलाचा आणि प्लास्टिक पाउचचा रंग एकाच फाइलमधूनही वेगळा येतो. म्हणून पॅलेटच्या प्रत्येक रंगाचा २ सेंटीमीटरचा चौकोन, शेजारी तोच १० टक्के फिकट आणि १० टक्के गडद, अशी पट्टी त्याच मशीनवर, त्याच कागदावर छापून घ्या आणि दिवसाच्या उजेडात खऱ्या मिरचीशेजारी धरा. जो चौकोन मिरचीला जवळचा, त्याचे आकडे अंतिम.

कोशाच्या कापडाला आणखी एक काळजी. धाग्याला चमक असते, कोन बदलला की छटा बदलते. समोरून आणि तिरकस असे दोन फोटो घ्या, दोन्हींची पॅलेट काढा आणि दोन्हींत येणारे रंग धरा. पळसाच्या फुलांच्या फोटोतून काठासाठी रंग निवडता येतो, पण ते आकडे रंगाऱ्याला देऊन उपयोग नाही. फुलं उकळून निघणारा रंग पिवळ्याकडे झुकतो, फुलासारखा केशरी-लाल नसतो. रंगाऱ्याकडे छापलेली पट्टी द्या आणि त्याच्याकडून धाग्याची रंगवलेली लडी नमुना म्हणून मागवा.

शेवटी पॅलेट साठवताना आकड्यांसोबत फोटोच्या फाइलचं नाव, क्रॉपचे चार आकडे, पद्धत, गटांची संख्या, रँडम स्टेट आणि वजनाचा भाजक हे सगळं एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या हंगामात पाकीट पुन्हा छापायचं असेल तर तीच फाइल लागेल.